पोटनिवडणुकीची पळवाट बुजवा

संपादक महाशय,

मी कसब्याची मतदार, निवृत्त शिक्षिका. नोकरीत असताना निवडणुकीच्या कामाचा आदेश हमखास यायचा, त्यामुळे मतदान घ्यायचे म्हणजे काय यातायात असते हे मला कुणी सांगायला नको. तरीही २०२३ साली पुण्यात जे झाले ते पटत नाही.

आमदार मुक्ता टिळक २२ डिसेंबर २०२२ रोजी गेल्या आणि २६ फेब्रुवारीला कसब्यात मतदान झालेसुद्धा. त्या प्रचारात खासदार गिरीश बापट नाकाला ऑक्सिजनची नळी लावून केसरीवाड्यात कार्यकर्त्यांना भेटायला आले होते. (आजारी माणसाला असे आणावे का, हा वेगळा विषय.) २९ मार्चला तेही गेले. पुढे थेट ४ जून २०२४ च्या निकालापर्यंत पुण्याला लोकसभेत खासदारच नव्हता.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ नुसार सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. सूट दोनच बाबतींत: उरलेली मुदत वर्षाहून कमी असेल तर, किंवा केंद्राशी विचारविनिमय करून निवडणूक आयोगाने अडचण असल्याचे प्रमाणित केले तर. बापट गेले तेव्हा लोकसभेची साडेचौदा महिन्यांची मुदत बाकी होती. आयोग म्हणाला, इतर निवडणुकांची कामे आहेत, शिवाय निवडून येणाऱ्याला फार थोडा काळ मिळेल. अहो, पण तो काळ थोडा झाला कुणी थांबल्यामुळे? कसब्याइतक्याच वेगाने हालचाल केली असती, तर नव्या खासदाराला वर्षभर मिळाले असते.

मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ही कारणे फेटाळली. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. खासदार बाळू धानोरकरांच्या निधनानंतर चंद्रपूरही तसेच राहिले. अकोला पश्चिमची तऱ्हा आणखी निराळी. तिथली जागा नोव्हेंबर २०२३ मध्ये रिकामी झाली, पोटनिवडणूक जाहीर झाली मार्चमध्ये, आणि नव्या आमदाराला वर्षही मिळत नाही म्हणून नागपूर खंडपीठाने ती रद्द केली.

अडचण असेल तर आयोगाने जागा रिकामी झाल्यापासून तीस दिवसांत ती कारणांसह जाहीर करावी. त्यानंतर ‘मुदत थोडी उरली’ हे कारण चालणार नाही, एवढी दुरुस्ती संसदेने कलम १५१-अ मध्ये करावी.

— एक मतदार, कसबा पेठ, पुणे