सोनोग्राफीत आतडं पण बघा की

संपादक साहेब, स.न.
माझ्या भाच्याला क्रोन्स (आतड्याला सूज येण्याचा जुनाट आजार) आहे, चार वर्षांत किती वेळा कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं बघणं) झाली विचारू नका. आदल्या रात्री ते जुलाबाचं औषध प्यायचं म्हटलं की पोराचा चेहराच उतरतो. मागे एका डॉक्टरांनी साध्या सोनोग्राफीवरच आतड्याची भिंत मोजली, म्हणाले ३ मिमीपर्यंत नॉर्मल, त्याच्यावर जाड झाली की सूज असू शकते, आणि डॉपलर लावला की भिंतीत रक्तपुरवठा वाढलाय का तेही दिसतं. पोट साफ करायचं नाही, रेडिएशन नाही, भूल नाही, १५-२० मिनिटांत मोकळा! जर्मनी-इटलीत हे कधीपासून चालतं म्हणे. आपल्याकडे मात्र रिपोर्टात लिव्हर, किडनी, पित्ताशय सगळं येतं आणि आतड्याला 'गॅसमुळे दिसत नाही' एवढीच ओळ.
कोलोनोस्कोपी बंद करा असं नाही म्हणत, तुकडा काढून तपासायचा तर तीच लागते, गुदाशय पण पोटावरून नीट दिसत नाही. पण औषध लागू पडतंय का हे बघायला दरवेळी नळी कशाला? सगळा खेळ बघणाऱ्याच्या हाताचा आहे, तर सरकारी मेडिकल कॉलेजांत रेडिओलॉजी आणि पोटविकाराच्या डॉक्टरांना हे शिकवा ना.
– एक वाचक, नाशिक