ॲबाची जुनी रेकॉर्ड सापडली म्हणजे लॉटरी लागली असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वस्तूंच्या किमतींवर लेख आला होता, त्यात परदेशी ग्रुप्सच्या रेकॉर्डी घरात पडून असतील तर लाखोंचा माल आहे असं छापलंय आणि शेजारी फोटो कुठला, तर ॲबा या सत्तरच्या दशकातल्या स्वीडिश पॉप ग्रुपच्या 'अरायव्हल' अल्बमचा, ते चौघं हेलिकॉप्टरच्या काचेत बसलेत तो. मी नोकरीनिमित्त स्टॉकहोमला राहते आणि ॲबाच्या रेकॉर्डी गोळा करते हे सांगलीपासून डोंबिवलीपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना माहितीये, त्यामुळे लेख आल्यापासून माझा व्हॉट्सॲप भरून वाहतोय, ताई हे बघ, काकांच्या कपाटात सापडली, किती येतील. किती येतील ते एकेकाला वेगळं लिहिण्यापेक्षा तुमच्याच पेपरात लिहावं म्हटलं.

तर मुद्दा असा की जुनी असणं आणि दुर्मीळ असणं यात काही संबंध नाही, निदान ॲबाच्या बाबतीत तरी नाही. ही रेकॉर्ड १९७६ ची, आणि त्या काळात यांच्या एलपी अक्षरशः पोत्यानं खपत होत्या. ब्रिटनमध्ये १९७६ साली सगळ्यात जास्त खपलेला अल्बम यांचा 'ग्रेटेस्ट हिट्स' आणि पुढच्या वर्षी सगळ्यात जास्त खपलेला हाच 'अरायव्हल'. ऑस्ट्रेलियात तर 'द बेस्ट ऑफ ॲबा' दहा लाखांच्या वर गेला, आणि तेव्हा त्या देशाची लोकसंख्या होती दीड कोटीहून कमीच, म्हणजे हिशोब करा, किती घरांत ती एकच रेकॉर्ड असेल. एवढं सगळं छापलं गेलंय तर पन्नास वर्षांनी ते सापडणारच ना. इथे स्वीडनमध्ये उन्हाळ्यात जागोजागी लोप्पिस लागतात, म्हणजे लोक घरातलं जुनं सामान अंगणात किंवा मैदानात मांडून विकतात, तिथे रेकॉर्डींचा खोका असला की त्यात 'अरायव्हल' असतेच, आणि एक कॉफी आणि दालचिनीचा बन येईल तेवढ्यात मिळते. तुमच्या लेखात जो आकडा होता तो कुणीतरी वेबसाइटवर मागितलेला भाव असणार, मागायला काय जातंय, माणूस काहीही मागेल. विकली कितीला गेली ते बघायचं असतं आणि तो आकडा सहसा बराच खाली असतो.

मग खरंच दुर्मीळ काय? तर सांगते. ॲबाचा मॅनेजर आणि पोलार म्युझिक या कंपनीचा मालक स्टिग अँडरसन, यानं कितीतरी गाण्यांचे शब्दही लिहिलेत, त्याचा पन्नासावा वाढदिवस २५ जानेवारी १९८१ ला होता. तो मूळचा हूवा नावाच्या छोट्या गावचा. तर ग्रुपमधल्या बेनी, ब्यॉर्न आणि मंडळींनी त्याच्यासाठी 'हूवास व्हिट्ने' नावाचं एक गमतीचं गाणं रेकॉर्ड केलं आणि त्याची बारा इंची लाल रंगाची रेकॉर्ड काढली, फक्त २०० प्रती. दुकानात ती कधी आलीच नाही, भेट म्हणून वाटली गेली आणि विषय संपला. दुसऱ्या बाजूला स्टिगनंच तरुणपणी रचलेली एक नाचाची धून आहे. आता चौघंही गातायत अशी, कधीच विक्रीला न आलेली आणि मोजक्या २०० प्रतींची रेकॉर्ड म्हटल्यावर जगभरचे वेडे तिच्यामागे आहेत, हजारो क्रोनर पडतात, आणि अर्थातच तिच्या नकलाही निघाल्या आहेत, लाल प्लास्टिकवरच. म्हणजे लाल दिसली म्हणून उड्या मारायच्या नाहीत. तुमच्या काकांच्या कपाटात ही असण्याची शक्यता किती, ते तुम्हीच ठरवा.

आता माझ्याकडे जे फोटो येतात ते सगळे कव्हरचे. कव्हरवरून फारसं काही कळत नाही हो. तेच कव्हर पुढे कितीतरी वर्षं पुन्हा पुन्हा छापलंय आणि मागे बारीक अक्षरात १९७६ लिहिलेलं असतं ते गाणी पहिल्यांदा बाजारात आल्याचं साल असतं, तुमच्या हातातली तबकडी १९८४ सालीही छापलेली असू शकते आणि तिच्यावरही १९७६ च असेल. खरी माहिती दोन ठिकाणी असते. एक मधलं गोल लेबल, म्हणजे कंपनी कुठली आणि देश कुठला. स्वीडनमध्ये पोलार, ब्रिटनमध्ये एपिक, अमेरिकेत अटलांटिक, ऑस्ट्रेलियात आरसीए, फ्रान्समध्ये व्होग, रशियात मेलोदिया, प्रत्येक देशात वेगळ्या कंपनीनं काढल्या. भारतातही ॲबाच्या एलपी छापल्या गेल्या आहेत आणि जुन्या बाजारात त्या दिसतात. दुसरं म्हणजे शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी रिकामी गुळगुळीत पट्टी राहते तिच्यात कोरलेले आकडे. हे आकडे म्हणजे कुठल्या साच्यातून ही तबकडी निघाली त्याची खूण, जाणकार माणूस आधी तेच बघतो आणि कव्हर नंतर. स्वीडिश 'अरायव्हल' असेल तर कंपनीचा कॅटलॉग नंबर पीओएलएस २७२, त्याच्या आधीचा 'ॲबा' २६२, 'वॉटर्लू' २५२, पहिला 'रिंग रिंग' २४२, असे दहा-दहाच्या उड्या मारत गेलेत. पण नुसत्या या कॅटलॉग नंबरवरून पहिली छपाई ठरत नाही, तो नंतरच्या छपाईतही तोच राहतो.

देशादेशाप्रमाणे गाणीही बदलतात आणि मला तर संग्रहाची खरी मजा इथेच वाटते. 'फर्नांडो' हे गाणं स्वीडिश 'अरायव्हल'वर नाहीच, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या प्रतीवर आहे. आणि मुळात हे गाणं ॲबाचं म्हणून जन्मलंच नाही, ग्रुपमधल्या फ्रीडानं, म्हणजे आनी-फ्रीडनं, १९७५ मध्ये आपल्या सोलो अल्बमवर स्वीडिशमध्ये गायलं होतं, इंग्रजी नंतर आलं. ग्रुपमधली दुसरी गायिका आग्नेथा, तिचंही तसंच, ती ॲबाच्या कितीतरी आधी स्टार होती, तिचा पहिला अल्बम १९६८ चा, क्युपॉल नावाच्या कंपनीचा, तेव्हा ती अठरा वर्षांची. १९७५ च्या तिच्या स्वीडिश अल्बमवर 'एसओएस' आहे, तेच 'एसओएस', पण स्वीडिशमध्ये आणि एकटीच्या आवाजात, आणि माझं स्पष्ट मत आहे की ते इंग्रजीपेक्षा भारी आहे, कुणाला भांडायचं असेल तर भांडा. असल्या रेकॉर्डी इथल्या बाहेर कुणी फारशा विचारत नाही म्हणून लेखात त्यांचं नावही येत नाही.

'रिंग रिंग'च्या जुन्या स्वीडिश कव्हरवर तर ॲबा हा शब्दच नाही, 'ब्यॉर्न बेनी अँड आग्नेथा फ्रीडा' असं लांबलचक नाव आहे, कारण १९७३ मध्ये ग्रुपला नाव मिळालं नव्हतं. ॲबा हे चौघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून झालं, पण इथे त्याच नावाची मासे डबाबंद करणारी कंपनी आधीपासून होती म्हणून तिची परवानगी घेतली. ते नाव अजूनही आहे, सुपरमार्केटात ॲबाचे हेरिंग माशांचे डबे मिळतात, आमच्याकडे पाहुणे आले की पहिला फोटो त्याच्यासमोर काढतात. आणि नावातला पहिला बी उलटा लिहायची पद्धत १९७६ मध्ये सुरू झाली, त्यामुळे कुणी १९७४ ची पहिली छपाई म्हणून विकत असेल आणि त्यावर उलटा बी असेल तर हसून पुढे जायचं.

मी सांक्त एरिक्सगातान नावाच्या रस्त्याजवळ राहते, याच रस्त्यावर पूर्वीच्या थिएटरच्या जागेत १९७८ मध्ये त्यांनी पोलार स्टुडिओ उघडला होता, २००४ मध्ये बंद झाला. पण त्यांचा तो भरगच्च आवाज स्टुडिओच्या आधीपासूनचा आहे, त्यामागे मायकल ट्रेटोव नावाचा साउंड इंजिनियर होता, त्यानं 'रिंग रिंग'च्या वेळी सगळं वादन एकदा रेकॉर्ड केलं, मग टेपचा स्पीड किंचित बदलून तेच पुन्हा वर वाजवून घेतलं, त्यामुळे दोन्ही थर एकमेकांवर अगदी तंतोतंत बसत नाहीत आणि आवाज मोठा होतो. चांगल्या रेकॉर्डवर हे ऐकू येतं, मोबाईलच्या स्पीकरवर नाही, आणि रेकॉर्ड घ्यायची असेल तर याच्यासाठी घ्यावी ना. अजून एक, कारण लोक उगाच पैसे घालतात. १९८१ च्या 'द व्हिझिटर्स'ची पहिली छपाई अस्सल ॲनालॉग, म्हणजे मध्ये डिजिटल काहीच नाही, म्हणून महाग विकतात, पण त्यातली बरीचशी गाणी डिजिटल मशीनवर रेकॉर्ड झाली होती, आणि १९८२ मध्ये जर्मनीत हानोव्हरजवळ लांगेनहागेनच्या कारखान्यात विक्रीसाठी ज्या पहिल्यावहिल्या सीडी निघाल्या त्यात हाच अल्बम होता. रेकॉर्ड सुंदरच आहे, माझी सगळ्यात लाडकी, पण अस्सल ॲनालॉगचे वरचे पैसे कशाला.

आपल्याकडे ॲबा बऱ्याच घरांत जहाजावर किंवा गल्फमध्ये नोकरीला असलेल्या माणसांबरोबर आली आणि बाकीच्यांकडे आरडी बर्मनमार्फत, कारण १९७७ च्या 'हम किसीसे कम नहीं'मधलं 'मिल गया हमको साथी' 'मम्मा मिया'वरूनच घेतलंय. त्यामुळे चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात ॲबा दिसते यात नवल नाही, पण तिथे दिसणाऱ्या प्रतींची अवस्था बघवत नाही. पावसाळ्यात कव्हरला बुरशी येते, कव्हर चिकटतं, आतला कागद पिवळा पडतो, पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळे काढलेली तबकडी पापडासारखी वाकडी होते आणि मग सुई वर-खाली नाचते. लोक एकावर एक आडव्या थप्प्या लावतात, तसं करू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. जाड पीव्हीसीची पारदर्शक कव्हरं बरीच वर्षं तशीच राहिली तर तबकडीवर धुरकट डाग पाडतात, ती काढून टाका. आणि सूटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेयर हल्ली ऑनलाइन मिळतात त्यातल्या बऱ्याच जणांच्या सुईचा दाब जास्त असतो, चांगली रेकॉर्ड त्याच्यावर लावू नका.

अवस्थेवरच सगळा भाव असतो हे लेखात कुठेच नव्हतं. विकणारे मिंट (कोरी), निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी असे उतरते दर्जे लिहितात, त्यात व्हीजी, म्हणजे 'व्हेरी गुड', लिहिलेलं असेल तरी ओरखडे दिसणारच आणि ऐकूही येणार, साधी रेकॉर्ड त्या अवस्थेत असली तर तिला काहीच येत नाही. तीच 'अरायव्हल' पोस्टाच्या खर्चाएवढीही विकली जात नाही आणि तीच एकदम कोरी असेल तर एखादा शौकीन बरे पैसे देतो. आणि नुसतं ऐकायचंच असेल तर २०१६ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत अर्ध्या वेगानं खाचा कोरून ४५ आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांवर, काढलेली दोन तबकड्यांची नवी प्रत आहे, ती जुन्या घासलेल्या प्रतीपेक्षा कितीतरी स्वच्छ वाजते. जुन्याचे अभिमानी चिडतील, चिडूदे.

संपादक महाशय, माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी असला लेख छापलात तर मागितलेला भाव छापू नका, विकला गेलेला छापा, आणि कुठली छपाई व कुठल्या अवस्थेतली तेही लिहा, नाहीतर एखादा भंगारवाला लाखाचा माल म्हणून पाच हजाराला रेकॉर्ड विकेल आणि घेणारा लाखाची आशा धरून बसेल. वाचकांच्या घरी ॲबा असेल तर आधी धूळ पुसून एकदा लावून बघा, आवडली तर विकूच नका.

आणि ज्यांनी मला कव्हरचे फोटो पाठवलेत त्या सगळ्यांना सांगते, लेबलचा दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा आणि त्याच्या बाहेरच्या रिकाम्या पट्टीचा, मोबाईलचा टॉर्च तिरका धरून, म्हणजे कोरलेले आकडे दिसतील. मग सांगते किती येतील.

आपली,
एक वाचक, स्टॉकहोम (मूळ सांगली)