तो वाडगा उसवू नकोस

रावेर, जि. जळगाव
श्रावण वद्य नवमी

चिरंजीव बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू क्रोशाच्या त्या चकतीविषयी इतका संकोचून बोललास, की फोन ठेवल्यावर बराच वेळ मला झोप लागली नाही. पेल्याखाली ठेवायला सपाट चकती विणायला घेतली, सातव्या फेरीपर्यंत तिचा वाडगा झाला, खोलीतल्या मित्रांनी तो टोपीसारखा डोक्यावर घालून पाहिला, आणि आता सगळे उसवून लोकर कपाटात टाकून देतो, असे तू म्हणालास. तेव्हा मला नीट उत्तर सुचले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. तो वाडगा उसवू नकोस.

आधी वाडगा का झाला ते सांगते, कारण त्यात तुझ्या हाताचा दोष नाही. खांबांची, म्हणजे क्रोशाच्या उंच उभ्या टाक्यांची चकती सपाट राहायची असेल, तर प्रत्येक फेरीत सारखीच भर घालावी लागते. पहिल्या फेरीत 12 खांब घेतले, तर दुसरीत 24, तिसरीत 36 आणि चौथीत 48 व्हायला हवेत. त्यासाठी दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन खांब, तिसरीत एकाआड एक आणि चौथीत दोन सोडून तिसऱ्यावर दोन, असे घालत जायचे. मध्येच ही भर थांबली, की काठाला टाके पुरत नाहीत, तो आत ओढला जातो आणि चकती कडेने वर उचलली जाते. याउलट टाके जास्त झाले, तर काठाला झालर पडते. तुझ्या हातून नकळत जे झाले, तेच बाळाची टोपी विणणाऱ्या बायका मुद्दाम करतात. मला स्वतःला हे उमगले, तेव्हा मी आठवडाभर नुसते वाडगेच विणत बसले होते. भर कुठे थांबवली म्हणजे खोली किती येते, ते पाहण्यात दुपारच्या दुपार निघून जाई, आणि त्यातला एक वाडगा आजही देवघरात सुपाऱ्यांसाठी आहे.

हे मी वयाच्या 48 व्या वर्षी शिकले, हे तुला ठाऊक आहे; त्याआधी का शिकले नाही, ते मात्र मी कधी सांगितले नव्हते. सातवीत असताना शिवणाच्या तासाला मी रुमालाच्या कडेला साखळी टाका घातला होता. तो वाकडा आला म्हणून बाईंनी सर्व वर्गासमोर तो उसवला आणि रुमाल माझ्या हातात परत दिला. त्यांचा राग आता मनात नाही, पण त्यानंतर तीस-पस्तीस वर्षे बटण लावण्यापलीकडे मी सुई हातात धरली नाही. इतक्या वर्षांची मौज एका वाकड्या टाक्यापायी गेली. म्हणूनच मुलांनी टोपी घालून केलेली थट्टा तू मनाला लावून घेतलीस, तेव्हा माझ्या पोटात कालवले.

पोळा सहा दिवसांवर आला आहे. बाजारात रंगवलेले बैल मांडलेले पाहिले, की मला तुझा तो बैल आठवतो. तू दुसरीत होतास. शेतातली काळी माती भिजवून तू बैल केलास, पण शिंगे इतकी मोठी लावलीस, की तो सारखा तोंडावर पडे. मी शिंगे लहान करायला सुचवले, तर तू ऐकले नाहीस. बराच वेळ पाहून तू त्याला मागे हातभर लांब, जाडजूड शेपटी लावलीस आणि बैल उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तो वाळून तडकला, कारण आपली काळी माती पाण्याने जितकी फुगते, तितकीच वाळताना आकसते. मग तू कुंभारवाड्यात जाऊन विचारून आलास, की मातीत राख आणि लीद मिसळावी लागते. पुढच्या वर्षीचा बैल टिकला, पण खरे सांगू, मला तडकलेलाच अधिक आवडला होता. त्या वयात तुला कोणी विचारले नाही, की हे करून काय मिळणार. आता हा प्रश्न तू स्वतःलाच विचारू लागला आहेस, याचे मला वाईट वाटते.

तुझे अप्पा म्हणतात, की याला धरसोडीची सवय आहे. आधी जलरंग आणले, मग माती, आता लोकर. शेतीत, नोकरीत आणि नात्यात धरसोड वाईटच, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. छंदाच्या बाबतीत मात्र मी त्यांच्याशी सहमत नाही. जो मनुष्य दिवसभर पडद्यासमोर बसून एकाच प्रकारचे काम चोख करतो, त्याने संध्याकाळी एखाद्या गोष्टीत अगदी नवखे असावे, चार महिन्यांनी ती बाजूला ठेवून दुसरी घ्यावी, यात काय बिघडले? सोडलेली गोष्ट बोटांतून जात नाही. रंग किती पाण्याने फिकट होतो, हे तुला आता माहीत आहे, आणि लोकरीच्या छटा निवडताना ते तुझ्या कामी आलेच असेल.

माझेही सध्या एक नवे वेड आहे. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा सगळीकडे घडांचे कौतुक झाले. पण एक खोड एकदाच घड देते आणि घड उतरला की ते बांधावर जाऊन पडते. त्या खोडाची सोपटे, म्हणजे एकावर एक गुंडाळलेले थर, सोडवून मी घरी आणते. पाटावर सोपट आडवे धरून बोथट सुरीने खरवडले, की गर आणि पाणी निघून जाते आणि हाताखाली एकदम चकचकीत धागे दिसू लागतात. बाहेरच्या सोपटाचा धागा राठ असतो, आतल्याचा मऊ आणि पांढुरका. धागे धुऊन सावलीत वाळवायचे, मग दोन पेड तळहातांत एकाच दिशेने पिळायचे आणि एकमेकांवर उलट दिशेने चढवायचे, म्हणजे सोडून दिले तरी दोर उलगडत नाही. हा उलटा पीळ पहिल्यांदा साधला, तेव्हा मी ओट्यावर एकटीच मोठ्याने हसले. दोन साड्यांवर चिकाचे तपकिरी डाग पडले आहेत आणि ते आता जाणार नाहीत. त्याला माझी हरकत नाही.

तुझा मित्र म्हणाला, की चांगले जमले तर विकायला ठेव. ज्यांचे पोट हातकामावर आहे, त्यांच्याविषयी मला फार आदर आहे, आणि त्यांच्या वस्तूचे पुरते मोल आपण घासाघीस न करता द्यावे, असे मला वाटते. परंतु तुझे पोट त्यावर नाही. मागणी आली, की तास मोजावे लागतात, एकाच मापाच्या वीस चकत्या कराव्या लागतात, आणि मग फेरी चुकल्यावर वाडगा होतो आहे की काय, हे गंमत म्हणून पाहण्याची सवड राहत नाही. निदान पहिले वर्षभर तरी काही विकू नकोस.

तुझ्या आजीची गोधडी मी परवा उन्हात घातली. वैशाखात पारा 45 च्या वर जाई, शेतात काम नसे, तेव्हा ती ओसरीवर जुन्या लुगड्यांचे थर अंथरून कडेपासून धावदोरा घालत मध्याकडे येत असे. त्या गोधडीवर तुझ्या शाळेच्या सदऱ्याचा खिसा आहे, आठवतो? तिने तो तीन बाजूंनीच शिवला आणि वरून उघडा ठेवला, कारण तुला त्यात चिंचोके लपवायला आवडत. गोधडीला खिसा कशाला, असे मी विचारले होते, तर तिने मान वर न करता सांगितले, की त्याला गंमत वाटेल म्हणून. परवा त्या खिशात हात घातला, तर अजून दोन चिंचोके निघाले. मी ते परत ठेवले आहेत.

येत्या आठवड्यात केळीच्या धाग्याचा एक गुंडा तुला पाठवते. तो लोकरीसारखा ताणला जात नाही, तेव्हा जाड सुई घे, टाके सैल ठेव आणि विणण्यापूर्वी धागा थोडा ओला कर. त्याचे काय करायचे, ते मी सांगणार नाही. तो वाडगा मात्र दिवाळीला येताना घेऊन ये. स्वयंपाकघरातल्या लिंबांना सध्या जागा नाही.

तुझी,
आई