दहा मिनिटांच्या शेकासाठी अख्खा दिवस : गाडी, डबा आणि दोन खोल्यांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या रहिवासी मंडळाचा कार्यवाह. एरवी वर्गणीची पावती फाडायला दारात येणारा माणूस. गेल्या वर्षी घशाचा कॅन्सर निघाला आणि 33 शेक घ्यावे लागले. शेक म्हणजे रेडिएशन. बाकावर बसणारे सगळे त्याला शेकच म्हणतात. सोमवार ते शुक्रवार, जवळपास सात आठवडे. मशीनवर जेमतेम दहा मिनिटे.

मला मुलगा स्कूटरवर सोडायचा, नऊला निघून अकराला घरी. माझ्या शेजारचा नंबर पेठकडच्या एका शेतमजुराचा. तो पहाटे पाचला पाड्यावरून निघायचा, सावळघाटातून एसटीने नाशिकच्या निमाणी बसस्थानकावर यायचा, तिथून रिक्षा. एखाद्या दिवशी मशीन बंद पडले की चार वाजायचे, परतीची गाडी गेलेली असायची. तोंड आतून सोललेले, त्यात उपाशी. चौथ्या आठवड्यात तो यायचा बंद झाला. उपचाराला त्याचा रुपयाही जात नव्हता, सगळे महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसले होते. परवडत नव्हती ती रिक्षा, आणि सोबत येणाऱ्या भावाची बुडणारी मजुरी. शेकात मध्येच खंड पडला की आधीचे घेतलेलेही कमी पडते, हे त्याला कोणी नीट सांगितले होते की नाही, देव जाणे.

म्हणून मंडळाने ठरवले आहे की यंदा गणपतीच्या रोषणाईला कात्री लावायची आणि बाहेरगावच्या रुग्णांची ने-आण, जेवण व मुक्काम अंगावर घ्यायचा. औषधोपचाराचा खर्च आपण उचलणार नाही, ती आपली ताकद नाही. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उखडलेत, त्यामुळे निमाणी ते हॉस्पिटल एवढ्याशा अंतरालाही रिक्षावाले वाट्टेल ते सांगतात. ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांनी आठवड्यातली एक सकाळ द्यावी, एकच. मात्र सर्दी-खोकला असेल त्या दिवशी कृपया येऊ नका. केमोनंतर (कॅन्सरवरच्या औषधांनंतर) आठ-दहा दिवसांनी रुग्णाच्या रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. तुमचे साधे पडसे त्याला ॲडमिट करायला लावेल. अशा रुग्णाला 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप दिसला तर क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, गाडी थेट हॉस्पिटलला न्यायची, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.

डब्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे सगळे चुकतात. प्रेमाने मिसळ नि ठेचा आणू नका (नाशिककरांना हे सांगावे लागते). तोंडाला फोड आलेल्याला मीठसुद्धा झोंबते. मऊ खिचडी, मुगाचे वरण, तूप घातलेली पेज, शिजवून कुस्करलेले अंडे, थंड खीर. नाकात नळी असेल तर गाळून पातळ केलेलेच. मला शेवटचे पंधरा दिवस फक्त नाचणीची आंबील जात होती, तीही शेजारच्या वहिनींच्या हातची.

दोन रिकाम्या खोल्या हव्यात, तळमजल्यावर, कमोड असलेल्या. सुरगाण्याच्या एक आजी नातेवाइकांकडे उतरल्या होत्या. आलोच आहोत तर गंगेवर (म्हणजे गोदावरीवर) जाऊ, म्हणून त्यांनी रामकुंडात डुबकी मारली आणि शेकासाठी छातीवर काढलेल्या खुणा धुऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजमाप, पुन्हा खुणा, अर्धा दिवस खलास. सोबत एक जाणते माणूस असते तर टळले असते.

असे जाणते माणूस कागदपत्रांसाठीही लागते. फाइलमध्ये रेशनकार्ड, आधार, बायोप्सीचा मूळ रिपोर्ट आहे का ते बघायचे आणि योजनेच्या काउंटरवर आरोग्यमित्राला, म्हणजे तिथल्या मदतनिसाला, गाठायचे. मुंबईला परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला दाखवायचे असेल तर बायोप्सीच्या स्लाइडसोबत (तपासणीच्या काचेसोबत) ब्लॉकही, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडाही, न्यावा लागतो. तो मेणाचा असतो, उन्हात गाडीच्या काचेपाशी ठेवायचा नाही. हॉस्पिटलकडून रेल्वेचा सवलतीचा दाखला आधीच भरून घेतला तर पंचवटी एक्स्प्रेसच्या सेकंड क्लासला रुग्ण आणि सोबती दोघांनाही भाड्यात 75 टक्के सूट मिळते. निम्म्या लोकांना हे माहीतच नसते, मलाही नव्हते. केमोच्या आदल्या दिवशी तालुक्यालाच रक्त तपासून रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना पाठवता येतो का, हेही विचारून ठेवायचे. रक्तातल्या पेशींचे काउंट कमी निघाले की केमो पुढे जाते आणि माणूस तेवढा प्रवास करून हात हलवत परततो. निवृत्त बँकवाले, शिक्षक, टपालखात्यातली मंडळी, हे काम तुमचे आहे.

पैसे द्यायचे असतील तर पेट्रोल आणि डबे एवढ्यासाठीच घेऊ. मंडळाच्या खात्यावर भरा, छापील पावती मिळेल आणि हिशेब दर महिन्याच्या पाच तारखेला फलकावर लागेल. 80जीची करसवलत आमच्याकडे नाही, हे आधीच सांगतो. उरलेली औषधे आणू नयेत. काढे आणि जडीबुटीचे पत्ते तर मुळीच नकोत.

नावे मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी सहा ते आठ नोंदवावीत. पेठच्या बाजूने येणाऱ्या सकाळच्या पहिल्या एसटीपाशी निमाणीला उभा राहील, असा माणूस सोमवारपासूनच हवा आहे.

आपला,
कार्यवाह