व्हेअर ईगल्स डेअर परत बघ!

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू म्हणालास की व्हेअर ईगल्स डेअर हा दुसऱ्या महायुद्धावरचा पिक्चर म्हणजे नुसती ढिशुम ढिशुम, ते मला काही पटलं नाही बघ, म्हणून सविस्तरच लिहितोय. गोळीबार आहेच रे, क्लिंट ईस्टवूड दोन्ही हातांत मशीनगन धरून अख्खा कॉरिडॉर साफ करतो, केबल कारच्या टपावरची हाणामारी तर अजूनही श्वास रोखून बघावी लागते. पण पिक्चरचा जीव आहे तो त्या टेबलाच्या सीनमध्ये!

आठव ना, जर्मनांच्या किल्ल्यातला तो मोठा हॉल, ज्याला सोडवायला ब्रिटिशांची टीम आलीय तो अमेरिकन जनरल कैदेत, शेजारी टीमचा म्होरक्या स्मिथ याच्याच टीममधले तिघे जे आता आपण जर्मनांचे हेर म्हणून सांगतायत, आणि स्मिथ म्हणजे रिचर्ड बर्टन आत येऊन स्वतःच्याच जोडीदारावर, ईस्टवूडवर बंदूक रोखतो, म्हणे मी जर्मन मेजर श्मिट! मग आवाज जराही न चढवता म्हणतो, हे तिघे तोतये आहेत, खरे असतील तर इंग्लंडमधल्या आपल्या हेरांची नावं लिहून दाखवू देत. तिघे बिचारे जीव वाचवायला भराभरा लिहितात. आणि ज्या यादीशी ताडून बघायचं ती स्मिथची स्वतःची वही? कोरी! एकही गोळी न झाडता सगळं हेरांचं जाळं त्याच्या खिशात. जनरलला सोडवणं हे निमित्तच, तो जनरलही खरा नाही, तो एक नट आहे. ईस्टवूडला का नेलं तेही तेव्हाच कळतं, तो अमेरिकन, ब्रिटिश खात्यातला नाही, म्हणून त्याच्यावर भरवसा.

ॲलिस्टर मॅक्लीनने आधी पटकथाच लिहिली होती, कादंबरी १९६७ ला आली आणि पिक्चर १९६८ ला, त्यामुळे गोष्ट कशी घट्ट विणलेली आहे बघ. किल्ला पण खराखुरा, ऑस्ट्रियातला होहेनवेर्फेन. आणि रॉन गुडविनचं म्युझिक, सुरुवातीला बर्फाच्या डोंगरांवरून विमान येतं आणि ते ड्रम वाजायला लागतात, अहाहा! खटकतं ते फक्त हेलिकॉप्टर, तसलं मॉडेल युद्ध संपल्यावर उडालं. असो.

या रविवारी परत लाव, मोबाईलवर नको, टीव्हीवर, आणि टेबलाच्या सीनला चहा टाकायला उठू नकोस. शेवटी विमानात जो उघडा पडतो त्याचा संशय तुला नेमका कुठे आला ते मला फोन करून सांग, रात्री कितीही वाजले तरी चालेल.

तुझाच,
बंड्या