खुले पत्र : मोटर आहे की नाही, एवढंच विचारू नका

मा. वनमंत्री यांस,
स. न. वि. वि.

डोंगरातल्या अरुंद पायवाटांवर इलेक्ट्रिक माउंटन बाइकला येऊ द्यायचं की नाही, हा प्रश्न आज ना उद्या आपल्या टेबलावर येणार. येताना तो दोन फायली घेऊन येईल. एकीत लिहिलेलं असेल, मोटर आहे म्हणजे ही मोटरसायकलच, बंदी घाला. दुसरीत असेल, पॅडल आहेत म्हणजे सायकलच, मोकळीक द्या. दोहोंपैकी एकीवरही सही करू नका, एवढ्यासाठी हे पत्र.

मी वीस-बावीस वर्षं साधी माउंटन बाइक चालवते, त्याहून जास्त वर्षं त्याच वाटांवरून पायी फिरते आणि पाऊस ओसरला की कुदळ-फावडं घेऊन वाटेवरचं पाणी बाजूला काढून देणाऱ्यांत असते. ई-बाइकबद्दल माझं मत आधी फार वाईट होतं. खरं सांगायचं तर त्यात तत्त्व कमी होतं आणि जळफळाट जास्त. आम्ही छाती फुटेस्तोवर चढायचं आणि ही मंडळी गप्पा मारत पुढे जाणार!

मग गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सायकल सोडून दिलेली माझी मैत्रीण ई-बाइक घेऊन पुन्हा आमच्या जुन्या वाटेवर आली. चढ संपला तेव्हा तिचा टी-शर्ट माझ्याइतकाच भिजलेला. तिच्या सायकलीला पॅडल मारावंच लागतं, पाय थांबले की मोटर थांबते. परतताना एक झाड वाटेवर आडवं पडलेलं होतं. माझी 13 किलोची सायकल मी खांद्यावर टाकून पलीकडे नेली. तिची 24 किलोची दोघींनी मिळून उचलली, मध्ये एकदा खोडावर टेकवून. त्या दिवसापासून मी सरसकट बंदीच्या बाजूने बोललेले नाही.

तरी काळजी आहेच. फक्त ती लोक म्हणतात तिथे नाही.

लोक म्हणतात, मोटरने वाट उखणली जाते. 2015 साली अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये माउंटन बाइकवाल्यांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने साधी सायकल, पॅडल मारल्यावरच चालणारी ई-बाइक आणि मोटरसायकल अशा तिन्ही फिरवून हललेली माती मोजली. ई-बाइक साध्या सायकलीच्या जवळपास राहिली, मोटरसायकल फार पुढे गेली. (मोजणारे सायकलवालेच होते, हेही सांगून ठेवते.) त्याआधी 1994 मध्ये अमेरिकेतल्याच मोंटाना राज्यातल्या वाटांवर झालेल्या अभ्यासात ओल्या जमिनीवर चाकांपेक्षा माणसांच्या पावलांनी आणि घोड्यांच्या टापांनी जास्त माती सुटलेली दिसली होती. कुदळ मारणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही. वाट खाणारा मुख्य शत्रू पाणी. पाणी बाजूला काढणारा तिरपा चर बुजला की एका पावसात ओघळ पडतो, मग त्यावरून कोण गेलं याला फारसा अर्थ उरत नाही.

पण अशा मोजणीत प्रत्येक वाहनाच्या फेऱ्या ठरवून दिलेल्या असतात. प्रत्यक्षात ज्याचे पाय दोन फेऱ्यांत संपायचे, तो आता त्याच सकाळी चार मारतो. फेरीमागे माती तेवढीच हलेल, फेऱ्या मात्र दुप्पट. आणि पूर्वी शेवटच्या खड्या चढाने जी आतली वाट आपोआप राखली जायची, तिथेही गर्दी पोहोचते.

आता वेगाचं. उतारावर ई-बाइक आणि साधी सायकल यांत फार फरक नाही, तिथे गुरुत्वाकर्षण सगळ्यांना सारखंच ढकलतं आणि ठरलेल्या वेगापुढे मोटर साथ सोडते. फरक पडतो तो चढावर. आमच्या वाटेवर एक वळण आहे, करवंदीच्या जाळीमुळे पुढचं जेमतेम 10 मीटर दिसतं. साधा सायकलवाला तिथे ताशी 6 किलोमीटरने वर येतो, तोही धापा टाकत. खाली उतरणाऱ्या पायी माणसाला तो दिसल्यापासून समोरासमोर येईपर्यंत साडेतीन सेकंद मिळतात, शिवाय धाप आधीच ऐकू येते. ई-बाइकवाला त्याच वळणावर सहज 18 ने येतो. आता हातात दीड सेकंद. उतरणाराही सायकलवर असेल तर सेकंदभरसुद्धा नाही.

यात एक जुना रिवाजही अडकला आहे. अरुंद वाटेवर चढणाऱ्याला मान द्यायचा, उतरणाऱ्याने थांबायचं, कारण चढावर एकदा थांबलेली सायकल पुन्हा सुरू करणं जिवावर येतं. मोटर असेल तर ते कारण बरंचसं उरत नाही. तेव्हा ई-बाइकने चढतानाही इतरांसाठी थांबावं, असा नियम पाटीवर लिहायला काय हरकत आहे?

नियम करताना आकड्यांच्या भुलीत पडू नका, ही विनंती. युरोपात 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतच मदत, अशी मर्यादा आहे. अमेरिकेत 750 वॅट आणि 32 किलोमीटर, जास्त वेगाच्या वरच्या वर्गातल्या ई-बाइकना 45. पण युरोपातले 250 वॅट हे मोटर सतत देऊ शकते त्या शक्तीचे. चढावर थोडा वेळ 600 वॅट देणाऱ्या मोटरीही त्याच आकड्यात बसतात. चांगल्या तयारीचा हौशी सायकलस्वार तासभर दोन-अडीचशे वॅट टिकवतो, मोटरीचे हे त्याच्या पायांच्या वर. वेगाची मर्यादा उठवणारी उपकरणं मिळतात. शिवाय नव्या हलक्या मॉडेलांत मोटर फ्रेमच्या पोटात अशी दडलेली असते की दहा पावलांवरून वनरक्षकाला ओळखू येणार नाही.

ओळखू येत नाही म्हणून सरळ सगळ्याच सायकली बंद, हा मार्ग सोपा आहे आणि मी तो पाहिलेला आहे. आम्ही वर्षानुवर्षं राखलेल्या एका वाटेच्या तोंडाशी एके दिवशी पाटी लागली, 'सायकलींना मनाई'. तक्रार होती थ्रॉटलवाल्या, म्हणजे पॅडल न मारता नुसत्या मुठीवर पळणाऱ्या दोन-तीन गाड्यांची, बाहेर पडलो आम्ही सगळेच. पुढच्या पावसाआधी त्या वाटेवरचे चर साफ करायला कोणी गेलं नाही.

उलट टोकाचंही पाहून घ्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या गृहखात्याने, म्हणजे तिथे राष्ट्रीय उद्यानं ज्याच्याकडे आहेत त्या खात्याने, आदेश काढून ई-बाइकला सायकलीच्या रांगेत बसवलं. वनसेवा मात्र तिथे कृषी खात्याखाली येते आणि ती ई-बाइकला मोटर वाहनच धरते. म्हणजे सायकल तीच, जमीन सरकारचीच, खातं बदललं की ती वाहन होते. पुढे 2020 च्या नियमांत गृहखात्यानेही कुठली वाट खुली करायची हे जागेवरच्या अधिकाऱ्यांवर सोपवलं. हे मला पटतं. फक्त आधी सोपवायला हवं होतं.

आपणही वाटेवाटेने ठरवा. जंगलातले रुंद गाडीरस्ते पॅडलवाल्या ई-बाइकना आजच खुले करता येतील. जिथे जागा आहे तिथे चढायची आणि उतरायची वाट वेगळी करा. आंधळ्या वळणांच्या, चढणारे-उतरणारे दोघेही वापरतात त्या पायवाटा ई-बाइकना तूर्त बंद ठेवा. पॅडल न मारता थ्रॉटलवर पळणाऱ्या गाड्यांना पायवाटेवर कुठेच जागा नको. आणि जी बंदी घालाल तिच्यात साध्या सायकलीला ओढू नका.

कुठलं वळण किती मीटर दिसतं याची यादी आपल्या कार्यालयात नसेल. टेप आणि वही घेऊन आम्ही ती करून देऊ, दोन रविवार पुरतील. सोबत एखादा वनरक्षक पाठवा, म्हणजे मापं दोघांनाही मान्य राहतील.

कळावे,
आपली,
वाट राखणारी एक