लाल कोटातल्या आजी, तुमचे आभार

सुट्टीत अमळनेरला आलोय. लंडनमधला तो दिवस सांगितला, तर आईचा पहिला प्रश्न, "त्या बाईले काही दिधं का नही?" काहीच दिलं नव्हतं.

सकाळी टॉवर ब्रिज पाहिला, पण ओढ होती ती १०, किंग हेन्रीज रोडची. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर घेतलं. उतरायचं होतं चॉक फार्म स्टेशनला. कॅम्डन टाउनला भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनचे दोन फाटे होतात. मी नेमका दुसऱ्या फाट्यावरच्या, हाय बार्नेटच्या गाडीत बसलो. मोबाइल बंद. टफनेल पार्कला घाबरून उतरलो.

लाल कोटातल्या आजी माझ्यासाठी उलट्या फिरल्या. कॅम्डनपर्यंत सोबत आल्या, बिलाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'चॉक फार्म' लिहून दिलं आणि गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभ्या राहिल्या. पुढे एका दुकानातल्या पोराने मोबाइल चार्जिंगला लावून दिला, पैसे घेतले नाहीत.

त्या घराची निळी पाटी वाचताना डोळे भरून आले. आजी, तुमच्यामुळेच तिथे पोचलो. ते बिल आईने देव्हाऱ्याशेजारी ठेवलंय. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.